काकांच्या छावणीतला पुतण्या

सतरा वर्षांचा मुलगा म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? बारावीचं वर्ष, क्लासची फी, मोटारसायकलचा हट्ट आणि जेवायला चार हाका मारल्याशिवाय न उठणारं लेकरू! माझाही एक तसाच आहे घरी. परवा त्याच्या इतिहासाच्या जुन्या पुस्तकातलं एक पान चाळता चाळता मी थबकलेच. थोरले माधवराव पेशवे! आळेगावच्या लढाईत हरले तेव्हा त्यांचं वय किती होतं, तर सतरा वर्षं नि नऊ महिने. आणि समोर शत्रू कोण? सख्खा काका.

मैत्रिणींनो, माधवराव आपल्याला माहीत आहेत ते 'स्वामी' कादंबरीमुळे, दूरदर्शनवरच्या मालिकेमुळे. रमा-माधवाची जोडी, थेऊरचा शेवट, आपण सगळ्यांनी पदराने डोळे पुसलेले. पण त्या गोड-करुण गोष्टीआड एक कोवळा शिपाईगडी दडलेला आहे. घरच्याच लढाईत उतरलेला, हरलेला आणि मग काकाच्या छावणीत पहाऱ्यात दिवस काढलेला. त्याच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. आज त्याच्याविषयीच लिहायचं आहे.

माधवरावांचा जन्म १७४५ च्या फेब्रुवारीतला, कर्नाटकातल्या सावनूरचा. नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचा हा दुसरा मुलगा. म्हणजे गादीवर बसायचा तो नव्हेच. पेशवेपदाला थोरला विश्वासराव होता. माधवरावांचं लग्न १७५३ मध्ये, त्या काळच्या रीतीप्रमाणे अगदी लहानपणी, जोशी घराण्यातल्या रमाबाईंशी झालं. सगळं नीट चाललं असतं तर हा मुलगा भावाच्या हाताखाली फौज सांभाळत राहिला असता.

पण १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. विश्वासराव गेला, सदाशिवरावभाऊ गेले. महाराष्ट्रात किती घरातल्या बांगड्या फुटल्या त्याला मोजदाद नाही. पुढे सहा महिन्यांच्या आत, २३ जून १७६१ ला, नानासाहेबांनी पर्वतीवर प्राण सोडला. गोपिकाबाईंचा विचार करा जरा. जानेवारीत तरणाबांड मुलगा गेला, जूनमध्ये कुंकू गेलं. पदरात उरले दोन, सोळा वर्षांचा माधव आणि जेमतेम सहा वर्षांचा नारायण. आणि दारात सावकार, कारण पानिपतच्या मोहिमेने दौलतीवर कर्जाचा डोंगर करून ठेवलेला.

२० जुलै १७६१ ला साताऱ्याच्या छत्रपतींकडून माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. कारभार मात्र काकांनी, म्हणजे रघुनाथरावांनी बघायचा असं ठरलं. राघोबादादा तेव्हा सत्तावीस वर्षांचे, फार म्हातारे नव्हते हो! १७५८ मध्ये त्यांनी थेट अटकेपर्यंत धडक मारलेली, नावाचा दबदबा होता. त्यांच्या मनात येणारच की, पराक्रम माझा आणि मसनद या पोराची? तिकडे पोरगंही लेचंपेचं नव्हतं. त्याला कागद वाचायचा होता, हिशेब विचारायचा होता, आपला शिक्का आपण उठवायचा होता. घरात दोन कर्ते झाले की काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

त्याच वर्षाच्या अखेरीस निजामअली पुण्याच्या रोखाने चालून आला. वाटेत गोदाकाठच्या टोक्याची देवळं त्याने फोडली. मराठ्यांनी त्याला अडवलं, कोंडीतही पकडलं, पण दादांनी हलक्या अटींवर सोडून दिलं. माधवरावांच्या बाजूच्या लोकांना ते खटकलं. दादांना पुढेमागे निजामाची मदत लागणार होती, म्हणून सोडलं असं पुष्कळ जण मानतात. पुढे घडलं तेही तसंच. १७६२ च्या पावसाळ्यात काका-पुतण्याचं इतकं बिनसलं की दादा पुणं सोडून गेले. सखारामबापू बोकिलांसारखा मुरलेला कारभारी त्यांच्या बाजूला होता. पुतण्याच्या बाजूला त्रिंबकमामा पेठे, पटवर्धन मंडळी. दादांनी फौज जमवली आणि निजामाला हाताशी धरलं. नागपूरकर जानोजी भोसलेही तिकडेच झुकले.

एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. या भांडणाची गोष्ट सांगताना पुष्कळ जण सगळं खापर दोन बायकांच्या माथी फोडतात. गोपिकाबाई हट्टी, आनंदीबाई कारस्थानी, झालं! अहो, फौजा कुणी जमवल्या? निजामाला पत्रं कुणी लिहिली? कारभारीपणासाठी कोण टपून होतं? गोपिकाबाई स्वभावाने कडक होत्या हे खरं, जावेशी त्यांचं पटत नव्हतं हेही खरं. पण बायकांची धुसफूस आणि पन्नास हजारांची लढाई यात फार अंतर असतं. मी तालुक्यात कितीतरी बांधाची भांडणं मिटवायला बसले आहे. दोन भावांत वाटणी झाली की पहिलं बोट सुनेकडे जातं. सातबारा काढून बघा, सगळी नावं पुरुषांची असतात!

असो. त्या काळातली छावणी कशी असायची ते सांगते, म्हणजे हा मुलगा कुठे वाढला ते कळेल. आपल्या मराठवाड्यात छावणी म्हटलं की चाराछावणीच आठवते, दुष्काळात दावणीला बांधलेली जनावरं. पण मूळचा शब्द छावणं, म्हणजे शाकारणं, यावरून आला. पावसाळ्यात फौजेला हलता येत नाही, मग गवताने शाकारलेल्या झोपड्या घालून तिथेच चार महिने काढायचे, ती छावणी. एरवी दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेल्या फौजेचे असायचे ते मुक्काम. आज इथे, उद्या तिथे. मधोमध पेशव्यांचा डेरा, त्यापुढे जरीपटका, भोवती हुजुरातीचे घोडे. लांब लांब सरदारांचे डेरे आणि त्यांच्या पागा. मागे बुणग्यांची गर्दी. बुणगे म्हणजे न लढणारी माणसं, हमाल, मोतद्दार, न्हावी, पाणके, कितीतरी बायामाणसंसुद्धा. छावणीत चक्क बाजार भरायचा. धान्य यायचं ते वंजारी-लमाण्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून. तांडा अडला की जोंधळा कडाडला! घोड्याला चंदी नाही मिळाली तर माणसाच्या आधी घोडा मरायचा, आणि शिलेदाराचा घोडा मेला म्हणजे त्याची अख्खी शेतीच बुडाल्यासारखं. कारण शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे, सरकारी घोडा बारगिराला. आपल्या नवऱ्याचा बैल ऐन पेरणीत बसला तर काय होतं, तसंच समजा.

अशा फौजेतल्या माणसांना दुसऱ्या परकीय फौजेशी लढणं ठाऊक होतं. पण १७६२ च्या नोव्हेंबरात दोन्हीकडे आपलीच माणसं. दोन्ही तळांवर भाषा तीच, देव तेच, भाकरीही तीच. दोन वर्षांमागे पानिपतावर गेलेल्या माणसांचं सुतक दोन्हीकडच्या घरांत होतं. ७ नोव्हेंबरला घोडनदीच्या काठी गाठ पडली. पुतण्याची फौज मागे सरली, भीमेकाठी आळेगावला आली. १२ नोव्हेंबरला तिथे पुन्हा झुंज झाली आणि पुतण्याचा मोड झाला.

आता काय करायचं? पळून जाता आलं असतं. पटवर्धनांचा मुलूख होता, किल्ले होते, अजून वर्षभर झुंजता आलं असतं. पण निजामाची फौज दादांच्या मदतीला चालून येत होती. म्हणजे भांडण लांबलं असतं तर काका-पुतण्या दोघंही थकून बसले असते आणि दौलत तिसऱ्यानेच उचलली असती. माधवरावांनी निर्णय घेतला. ते आपणहून काकांच्या छावणीत गेले. काकांच्या पायांवर डोकं ठेवलं असं सांगतात. सतरा वर्षांच्या मुलाने, तेही पेशव्याने, सगळ्या सरदारांच्या देखत! मला तर वाटतं, लढाईत पुढे घोडा घालणं यापेक्षा सोपं असेल. हातात तलवार असली की माणसाला जोर येतो. मान खाली घालून शत्रूच्या डेऱ्यात शिरायचं आणि तो शत्रू म्हणजे लहानपणी ज्याच्या मांडीवर बसलो तो काका, हे फार अवघड.

दादांनी पुतण्याला मारलं नाही, पेशवेपदही नावाला ठेवलं. पण भोवती पहारा बसला. कारभार सखारामबापूंकडे गेला. त्रिंबकमामा बाजूला झाले. उद्‌गीरच्या लढाईत, १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी निजामाकडून जो मुलूख मिळवला होता त्यातला बराचसा आणि दौलताबादचा किल्ला निजामाला परत द्यायचं दादांनी कबूल केलं. पुतण्या हे सगळं बघत होता. सहीशिक्का त्याच्या नावाचा, मर्जी काकांची. पुढे दादा प्रतिनिधींच्या मागे लागले, त्यांचं पद काढून आपल्या तान्ह्या मुलाच्या नावे केलं. मग मिरजेवर गेले, गोपाळराव पटवर्धनांना धडा शिकवायला. पटवर्धन म्हणजे माधवरावांच्या जिवाभावाची माणसं. आणि मिरजेला वेढा घालणाऱ्या त्या छावणीत माधवराव बरोबर! आपल्याच माणसांवर आपल्याच नावाने तोफा चालताहेत आणि आपण डेऱ्यात बसून ऐकायच्या. १७६३ च्या फेब्रुवारीत मिरज पडली. गोपाळराव रागाने निजामाकडे निघून गेले.

या दिवसांत त्या मुलाने काय केलं? तर काही नाही. हेच मला विशेष वाटतं. आदळआपट नाही, पळून जाण्याचा डाव नाही, विषप्रयोग नाही. तो शिकत राहिला. कोणता सरदार कशाने दुखावतो, कोणाला पैसा हवा, कोणाला मान हवा, दादा कुठे चुकतात, सगळं बघत राहिला. नवी सून सासरी पहिलं वर्ष जसं काढते तसं. बोलायचं कमी, डोळे उघडे.

दादांनी इतकी माणसं दुखावली की ती सगळी निजामाच्या आडोशाला जमली. प्रतिनिधींची, पटवर्धनांची, जानोजी भोसल्यांची फौज आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर. कालचा मदतनीस निजामअली आज दादांवरच उलटला! १७६३ च्या उन्हाळ्यात त्याने पुण्यात शिरून शहर लुटलं, जाळलं. गोपिकाबाई धाकट्या नारायणाला घेऊन सिंहगडावर गेल्या होत्या. पुण्याच्या बाया लेकरं काखोटीला मारून गडांवर, कोकणात, मिळेल तिथे पळाल्या. घरात भांडण लागलं की शेजारी येऊन धान्याची कणगी घेऊन जातो, तसं झालं.

आता काकांना पुतण्याची गरज पडली. आणि पुतण्याने हिशेब मागितला नाही. दोघांनी मिळून फौज निजामाच्या मुलखात घातली. वऱ्हाडातून थेट हैदराबादच्या बाजूपर्यंत. आपला हा जिंतूर-परभणीचा भाग तेव्हा निजामाच्याच राज्यात मोडत होता. या धावपळीत जानोजी भोसल्यांना आतून मुलुखाचं आमिष दाखवून फोडण्यात आलं आणि ऑगस्टमध्ये सगळे गोदाकाठी आले.

राक्षसभुवन! बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात. आपल्यातल्या कितीतरी जणी शनीच्या दर्शनाला तिथे जाऊन आल्या असतील. मागच्या वर्षी आम्ही बचत गटाच्या बाया जीप करून गेलो होतो. सेलू, पाथरी, माजलगाव करत. नदीच्या पात्रात उतरून पाय भिजवले, तेल वाहिलं, डबे सोडले. तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं की आपण बसलोय तिथे आसपासच एवढी मोठी लढाई झाली. आता तिथे वरच्या धरणामुळे पाणी कधी असतं कधी नसतं. १७६३ मध्ये धरण नव्हतं. श्रावणाचे दिवस, गंगामाय दुथडी भरलेली. निजामअली अर्ध्या फौजेनिशी नदी ओलांडून उत्तर काठावर गेला होता. विठ्ठल सुंदर उरलेली फौज, तोफा आणि सामान घेऊन दक्षिण काठावर अडकला होता.

१० ऑगस्ट १७६३ ला मराठ्यांनी त्याला गाठलं. दादा हत्तीवरून पुढे होते. रेटा इतका आला की दादांची फळी फुटली आणि खुद्द दादांभोवती शत्रूचा गराडा पडला. मागच्या राखीव तुकडीत होता साडेअठरा वर्षांचा माधव. ज्या काकाने हरवलं, पहाऱ्यात ठेवलं, ज्याच्यामुळे पुणं जळलं, तो काका समोर घेरलेला. अर्धा तास उशीर केला असता तरी घरातला प्रश्न कायमचा मिटला असता, आणि कुणी बोट दाखवू शकलं नसतं. माधवरावांनी घोडी पुढे घातली, पळणाऱ्यांना माघारी वळवलं आणि काकांना सोडवलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावर निजामअली सगळं बघत होता, पण मध्ये पुराचं पाणी! पुढे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तह झाला आणि दादांनी देऊ केलेला मुलूख तर परत आलाच, वर आणखी पदरात पडला. एकूण ८२ लाखांचा. पटवर्धनांना मिरज मिळाली, प्रतिनिधींना त्यांचं पद मिळालं.

त्या दिवसापासून माधवराव खऱ्या अर्थाने पेशवे झाले. कारभार त्यांनी हातात घेतला आणि दादांना ते जमेल तितकं सन्मानाने बाजूला करत गेले.

पुढची नऊ वर्षं मी भराभर सांगते, कारण ती पाठ्यपुस्तकात आहेत. कर्नाटकात हैदरअलीवर एकामागून एक स्वाऱ्या झाल्या. सावनूरच्या बाजूला पावसाळ्यात छावण्या घालून बसावं लागलं. ती ओल, तो चिखल अंगात मुरला असेल तर नवल नाही. पैसा खाणाऱ्या मामलेदारांना त्यांनी जरब बसवली, रयतेकडून वेठबिगार घेणाऱ्यांना दंड केले. रामशास्त्री प्रभुण्यांना न्यायासनावर मान दिला. एकदा माधवराव जपाला बसले म्हणून कामं खोळंबली, तेव्हा शास्त्रीबुवांनी तोंडावर सुनावलं की जप करायचा असेल तर काशीला जाऊन बसावं, नाहीतर राज्य नीट करावं. पेशव्यांनी ते मुकाट्याने ऐकलं आणि जप आवरला असं सांगतात.

आपल्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची. १७६६ मध्ये मल्हारराव होळकर गेले, पुढच्याच वर्षी त्यांचा नातू मालेराव गेला. इंदुरात उरल्या एकट्या अहिल्याबाई. विधवा बाई काय दौलत सांभाळणार, म्हणून त्यांचा दिवाण गंगाधर यशवंत याने राघोबादादांना बोलावून घेतलं. पण पुण्याहून माधवरावांनी अहिल्याबाईंचा हक्क मान्य केला आणि दादांना हात आखडावा लागला. सुमारे तीस वर्षं त्या माउलीने जे राज्य केलं त्यामागे बावीस वर्षांच्या या मुलाचाही निर्णय होता.

दादा मात्र शांत बसले नाहीत. १७६८ मध्ये नाशिककडच्या धोडपच्या किल्ल्याशी पुन्हा फौज गोळा केली. १० जूनला माधवराव अचानक जाऊन थडकले आणि या वेळी काकांना पकडून आणून शनिवारवाड्यात ठेवलं. आळेगावला काकांच्या छावणीत पुतण्या पहाऱ्यात होता, आता पुतण्याच्या वाड्यात काका. मारलं कुणी कुणाला नाही, एवढं मात्र दोघांच्याही बाजूने लिहिलं पाहिजे.

आईशीही त्यांचं पुढे पटलं नाही. गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. ज्या आईने दोन मरणं पचवून मुलाला उभं केलं, ती शेवटी त्याच्याजवळ नव्हती. कोणाचं चुकलं? मला तरी ठरवता येत नाही. मुलगा कर्ता झाला की त्याला आईचा सल्लासुद्धा हुकूम वाटायला लागतो, हे अनेक घरांत बघते.

१७७० च्या स्वारीत निजगलच्या वेढ्यात नारायणराव जखमी झाला, आणि माधवरावांचं दुखणं बळावून त्यांना परतावं लागलं. क्षय. तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. आज सरकारी दवाखान्यात मोफत गोळ्या मिळतात, तरी आपल्याकडच्या बाया खोकला अंगावर काढतात हे वेगळंच दुखणं! १७७२ च्या जानेवारीत मराठ्यांनी बादशहा शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर बसवलं. पानिपतानंतर अवघ्या अकरा वर्षांनी. ती बातमी ऐकायला माधवराव होते, पण दिल्ली बघायला नव्हे. शेवटी थेऊरच्या चिंतामणीपाशी मुक्काम हलवला. मरणाआधी त्यांनी नऊ कलमांचा कागद करून ठेवला. त्यात दौलतीचं कर्ज फेडायचं लिहून घेतलं. सोळाव्या वर्षी डोक्यावर आलेलं कर्ज, सत्ताविसाव्या वर्षी मरताना मनात तेच!

आणि नारायणरावाला त्यांनी कुणाच्या ओटीत घातलं? दादांच्याच. काकांना कैदेतून मोकळं करून, जवळ बोलावून, धाकट्याला सांभाळा म्हणून विनवलं. आळेगावला जसं डोकं ठेवलं होतं तसंच. दुसरा मार्ग तरी काय होता, घरात वडीलधारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. १८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव गेले. पोटी मूल नव्हतं. रमाबाई त्यांच्या मागे सती गेल्या. त्या गोष्टीला लोक हात जोडतात, माझा जीव मात्र कळवळतो. एवढी तरणी पोर जळाली त्याचा मला गौरव करता येत नाही.

काकांनी शब्द पाळला नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाला तोडलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. धावत जाऊन त्याने काकांनाच मिठी मारली होती म्हणे. गोपिकाबाई तेव्हा गंगापूरला जिवंत होत्या. त्यांचे तिन्ही मुलगे आता गेले होते, आणि त्या नंतर आणखी पंधरा वर्षं जगल्या.